उपकार ते अधिकार : संस्थानी बडोद्यातील वैद्यकसेवा

आपल्या मंडळाच्या स्मरणिकेसाठी 'जुन्या बडोद्यातील वैद्यकीय सेवा' या विषयावर लिहावे, असा आग्रह संपादक मंडळाने केला तेव्हा प्रथम थोडा संकोच वाटला. मी इतिहासाचा अभ्यासक नव्हे. रावपुऱ्याच्या परिसरात चाळीस-पंचेचाळीस वर्षे सामान्य व्यवसाय केलेला एक डॉक्टर, एवढीच माझी ओळख. परंतु माझे आजोबा गायकवाडी राज्याच्या वैद्यकीय खात्यात नोकरीस होते. १९१८ ते १९४८ अशी तीस वर्षे त्यांनी तालुक्यातालुक्यांच्या दवाखान्यांत काढली. त्यांच्याकडून ऐकलेले, घरात जपलेले आणि पुढे वाचनातून पडताळून पाहिलेले असे बरेच काही साठले आहे. ते नव्या पिढीच्या डॉक्टरमित्रांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेखनप्रपंच.

विषयाची मर्यादा आधीच आखून घेतो. ५ जुलै १९४८ रोजी इंग्लंडमध्ये राष्ट्रीय आरोग्य सेवा सुरू झाली. त्याआधी दोन वर्षे, म्हणजे १९४६ मध्ये, आपल्याकडे सर जोसेफ भोर समितीने आपला अहवाल सादर केला होता. १ मे १९४९ रोजी बडोदे संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले आणि त्याच वर्षी आपले मेडिकल कॉलेज सुरू झाले. या टप्प्याच्या आधी बडोद्याचा किंवा बडोदे राज्यातील खेड्याचा माणूस आजारी पडला, तर तो कोठे जात होता, त्याला काय मिळत होते आणि काय मिळत नव्हते, एवढाच या लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाची दोन उत्तरे आपल्या बैठकांत नेहमी ऐकू येतात. एक असे, की सयाजीरावांच्या राज्यात सर्व काही होते आणि पुढे सारे बिघडले. दुसरे असे, की त्या काळी काहीच नव्हते, माणसे किड्यामुंग्यांसारखी मरत. माझ्या मते दोन्ही उत्तरे अर्धवट आहेत.

दवाखान्यांच्या आधी

एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील बडोद्यात औषधोपचाराची पहिली पायरी म्हणजे घर. घरोघरी आजीबाईचा बटवा असे. बाळासाठी मुरुडशेंग, हिरडा, वेखंड, जायफळ उगाळून गुटी तयार होई, तापाला किराइताचा काढा, पोटाला एरंडेल. त्यापलीकडे वैद्य आणि हकीम. वैद्यकी बहुधा वंशपरंपरेची असे, आणि चांगल्या वैद्याची कीर्ती पोळापोळांतून पसरे. बाळंतपण सुईणीच्या हाती. गळू फोडणे, रक्त काढणे ही कामे नाभिकाकडे. मोडलेले हाड बसविणे हे आखाड्यातील वस्तादांचे काम.

पाश्चात्त्य वैद्यक बडोद्यात आले ते रेसिडेन्सीच्या आणि छावणीच्या कुंपणाआड. गोरे अधिकारी आणि शिपाई यांच्यासाठी तेथे सर्जन असे. १८७४ च्या नोव्हेंबरात रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप झाला. मल्हारराव महाराजांना पदच्युत करण्यापर्यंत गेलेले हे प्रकरण सर्वांना ठाऊक आहे. त्यात पेल्याच्या तळाशी राहिलेला गाळ प्रथम तपासला तो रेसिडेन्सीचे सर्जन डॉ. सीवर्ड यांनी, आणि पुढे तो मुंबईच्या रासायनिक विश्लेषकांकडे पाठविण्यात आला. रसायनशास्त्राची अशी मदत एका रेसिडेंटच्या पेल्यासाठी मिळत होती. मांडवीत पटकीने माणसे दगावत होती, त्यांच्या विहिरीच्या पाण्याची तपासणी करणारे मात्र कोणी नव्हते.

राज्याने पत्करलेली जबाबदारी

१८७५ मध्ये सर टी. माधवराव दिवाण झाले. त्यांनी राज्यकारभाराची घडी बसविली आणि वैद्यकीय खाते हे कारभाराचे एक नियमित अंग बनले. डिसेंबर १८८१ मध्ये सयाजीराव महाराजांनी अधिकारसूत्रे हाती घेतली तेव्हा ते अठरा वर्षांचे होते.

या आरंभीच्या काळात एका मराठी डॉक्टरचे नाव आवर्जून घ्यावे लागेल. भालचंद्र कृष्ण भाटवडेकर हे मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातून तयार झाले होते. बडोद्यास ते व्हर्नाक्युलर कॉलेज ऑफ सायन्सचे प्रमुख झाले आणि पुढे राज्याचे मुख्य वैद्यकीय अधिकारी. १८८५ च्या सुमारास ते मुंबईस परतले, तेथील सार्वजनिक जीवनात अग्रेसर झाले आणि १९०० मध्ये त्यांना 'सर' हा किताब मिळाला. वैद्यकीय खात्याची सूत्रे गोऱ्या सर्जनाकडेच असावीत, असा तेव्हाचा सर्वत्र रिवाज होता. त्या काळात बडोद्याने हे पद एका भारतीयाकडे सोपविले. पुढे डॉ. शमसुद्दीन सुलेमानी यांनीही हेच पद भूषविले.

महाराजांच्या स्वतःच्या घरीही रोगाने आघात केला होता. पहिल्या महाराणी चिमणाबाई १८८५ मध्ये क्षयाने गेल्या. राजवाड्यापाशी पैसा होता, सेवक होते, डॉक्टर होते. उपचार मात्र नव्हता, कारण तो जगातच नव्हता. क्षयावरील स्ट्रेप्टोमायसिनचा शोध लागण्यास अजून जवळजवळ साठ वर्षे जायची होती. जुन्या वैद्यकाचे मोजमाप करताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

१८८० च्या दशकात व्हाइसरॉयच्या पत्नीचे नाव दिलेले काउंटेस ऑफ डफरिन रुग्णालय उभे राहिले. आज ज्याला आपण सर सयाजीराव जनरल हॉस्पिटल म्हणतो, त्याचे हे मूळ. मांडवी भागात महाराजांच्या दत्तकमाता जमनाबाई यांच्या नावाचा दवाखाना झाला. नर्मदाकाठी अनसूया येथे कुष्ठरोग्यांसाठी आश्रयस्थान होते. १८९८ मध्ये मनोरुग्णांसाठी वेगळे रुग्णालय स्थापन झाले. अमेरिकन मेथॉडिस्ट मिशनने स्त्रिया व मुलांसाठी चालविलेले बटलर स्मारक रुग्णालयही शहराच्या सेवेत होते. प्रांत व तालुक्यांच्या गावी राज्याचे दवाखाने निघाले, आणि तेथे औषध विनामूल्य मिळे.

परंतु त्या काळातील सर्वांत मोठे औषध बाटलीत नव्हते, ते नळात होते. आजव्याच्या सरोवराचे काम १८८५ मध्ये सुरू झाले आणि १८९२ मध्ये त्याचे पाणी शहरात आले. अभियंते जगन्नाथ सदाशिवजी यांच्या देखरेखीखाली हे मातीचे धरण झाले. तेथून पाणी केवळ उताराच्या जोरावर नळांतून शहरात येई. पटकी, विषमज्वर आणि नारू हे तिन्ही रोग पाण्यातून येणारे. गुजरातेतील पायऱ्यांच्या विहिरींत, म्हणजे वावेत, माणूस पाण्यात पाय बुडवून घागर भरी आणि त्याच्या पायातील नारूचे कृमी तेथेच अळ्या सोडीत. नळ आल्यावर हे चक्र तुटले. सर्व भारतातून नारूचे उच्चाटन झाल्याचे प्रमाणपत्र मिळाले ते २००० साली. बडोदे शहरात त्याची सुरुवात एका अभियंत्याने एकशेआठ वर्षे आधी केली होती.

तालुक्याचा दवाखाना

आता आजोबांच्या दवाखान्याकडे वळतो. मुंबईच्या कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्सची एल.सी.पी.एस. ही पदविका घेऊन ते १९१८ मध्ये नोकरीवर रुजू झाले. वर्ष इन्फ्लुएन्झाच्या साथीचे. पहिल्या तीन महिन्यांत आपण औषधे थोडी दिली आणि मृत्यूचे दाखले फार लिहिले, असे ते सांगत.

तालुक्याच्या दवाखान्याचा संसार आटोपशीर असे. एक डॉक्टर, एक कंपाउंडर, एक ड्रेसर, एक शिपाई. कौलारू इमारत, पुढे ओटी, आत औषधांची खोली, एका बाजूस चार-सहा खाटा. सकाळी रोग्यांची रांग ओटीवर बसे. रोग्याने बाटली घरून आणायची. कंपाउंडर मोठ्या बरणीतून मिश्रण ओतून देई आणि बाटलीवर खाचा पाडलेली कागदाची पट्टी चिकटवी. एक खाच म्हणजे एक खुराक. हिवतापाचे कडू मिश्रण, पोटाचे मिश्रण, खोकल्याचे मिश्रण, टिंक्चर आयोडीन, बोरिकचे मलम, मॅगसल्फ, डोळ्यांत घालावयाचे थेंब एवढ्यावर तीन-चतुर्थांश काम भागे. वर्षाचा औषधांचा मागणीपट आधी पाठवावा लागे. त्यात काही राहून गेले तर पुढील वर्षापर्यंत वाट पाहणे आले.

डॉक्टरचे काम ओटीवर संपत नसे. सकाळी गळू फोडायचे, दुपारी बैलगाडीतून शवविच्छेदनाला जायचे, संध्याकाळी देवी काढणाऱ्याची नोंदवही तपासायची. चांदोदसारख्या तीर्थक्षेत्री यात्रा भरली की पटकीच्या बंदोबस्तासाठी विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याचे काम निघे. पाणी जांभळे झालेले पाहून यात्रेकरू ते पिण्यास नकार देत आणि शिपायाची नजर चुकवून नदीकडे जात. गुजरातेत मुतखड्याचे रोगी पुष्कळ, त्यामुळे खड्याच्या शस्त्रक्रियेवर हात बसलेला डॉक्टर पंचक्रोशीत नावाजला जाई. मोतीबिंदूचेही तसेच.

सोनगड-व्यारा भागातील बदली म्हणजे नोकरांना शिक्षाच वाटे. तो जंगलपट्टा हिवतापाने पोखरलेला होता. आजोबांनी तेथे तीन वर्षे काढली. क्विनीन वाटणारे डॉक्टर स्वतःच दर पंधरवड्याला थंडी वाजून अंथरुणात पडत. पाच-सहा कोसांवरून आलेला आदिवासी रोगी ओटीवर बसून राही आणि डॉक्टरांचा ताप उतरला की दोघे मिळून क्विनीन घेत, असे आजी हसून सांगत असे. गोष्ट विनोदाने सांगितली जाई, पण त्यात एक सत्य होते. डॉक्टर आणि रोगी एकाच गावाचे पाणी पीत होते आणि त्यांना एकच डास चावत होता.

आता दुसरी बाजू. विनामूल्य याचा अर्थ सर्वांसाठी समान असा नव्हता. औषधाच्या मिश्रणात पाणी कोणी घातले, हा प्रश्न कित्येकांना रोगापेक्षा मोठा वाटे. काही रोगी कोरडी पूड मागून नेत आणि घरच्या पाण्यात कालवीत. अस्पृश्य मानलेल्या समाजातील रोगी ओटीखाली अंगणात उभे राहत. आजोबा खाली उतरून त्यांना तपासत. त्याबद्दल गावातील प्रतिष्ठितांची कुरकुर असे. महाराजांचे कायदे पुढारलेले होते, परंतु कायदा आणि ओटी यांत अंतर होते. १९१७ मध्ये राज्याच्याच सेवेत आलेल्या डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना या शहरात राहावयास जागा मिळाली नाही, हे आपण बडोदेकरांनी विसरता कामा नये. स्त्रियांचीही गोष्ट वेगळी नव्हती. पुरुष डॉक्टरने नाडी पाहायची तीसुद्धा पदराआडून आलेल्या मनगटावर. १८८५ मध्ये सुरू झालेल्या डफरिन निधीमागे हीच अडचण होती. शेजारच्या सुरतेत आपल्या डॉ. रखमाबाईंनी १८९५ पासून जवळजवळ दोन तपे स्त्रियांच्या रुग्णालयात जी सेवा केली, तिचे मोल या पार्श्वभूमीवर कळते.

उंढेऱ्याची गोष्ट

बडोद्याच्या वैद्यकीय इतिहासातील एक प्रसंग मात्र साऱ्या जगाच्या वैद्यकात नोंदला गेला आहे, आणि आपल्यापैकी फार थोड्यांना तो माहीत आहे.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पाहता पाहता गुजरातेत पसरला. मुंबईत डॉ. वाल्डेमार हाफकिन यांनी प्लेगची लस तयार करून १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली होती. परंतु लस खरोखरच वाचविते काय, हे सिद्ध कसे करायचे? टोचून घेणारे बहुधा सुशिक्षित, सावध, चांगल्या घरात राहणारे. ते वाचले तर लसीने वाचले की राहणीमानाने, हा आक्षेप उरतोच.

त्याचे उत्तर शोधण्यासाठी हाफकिन १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्यापासून सहा मैलांवरील उंढेरे या गावी आले. गावाची वस्ती सुमारे हजाराची, आणि प्लेग गावात शिरलेला. राज्याच्या अधिकाऱ्यांच्या साहाय्याने घरवार याद्या करण्यात आल्या. गावकऱ्यांना कुटुंबाकुटुंबाने बसविण्यात आले आणि प्रत्येक घरातील साधारण निम्म्या माणसांना लस टोचण्यात आली. वय, प्रकृती, स्त्री-पुरुष असा मेळ शक्य तेवढा साधण्यात आला. आता एकच छप्पर, एकच चूल, एकाच घरातील उंदीर. फरक राहिला तो फक्त सुईचा.

काही आठवड्यांनी वैद्यकीय अधिकाऱ्यांनी गावात जाऊन घरोघर चौकशी केली. प्लेग शिरलेली कुटुंबे २८. त्यांत लस न टोचलेली माणसे ६४ होती. त्यांपैकी २७ जणांना प्लेग झाला आणि २६ जण मेले. लस टोचलेली माणसे ७१ होती. त्यांपैकी ८ जणांना प्लेग झाला आणि ३ जण मेले. मृत्यूचे प्रमाण सुमारे नव्वद टक्क्यांनी घटले होते. आज आपण ज्याला नियंत्रित चाचणी म्हणतो, तिच्या पूर्वसुरींपैकी ही एक. पुण्यात त्याच्या आदल्या वर्षी घरझडत्यांच्या जुलमामुळे प्लेग कमिशनर रँडचा खून झाला होता. उंढेऱ्यात शेतकऱ्यांनी आपले दंड पुढे केले.

हे वाचताना अभिमान वाटतो, आणि तो वाटावाच. परंतु मी विद्यार्थ्यांना ही गोष्ट सांगतो तेव्हा त्या २६ जणांपाशी थांबतो. त्यांना लस मिळाली नाही ती लस कमी होती म्हणून नव्हे. तुलनेसाठी कोणीतरी न टोचलेले राहणे आवश्यक होते. कोणास टोचायचे आणि कोणास वगळायचे, हे त्यांना समजावून त्यांची संमती घेतली गेली, असे कोठे दिसत नाही. त्या काळी असा विचारच नव्हता. नीतिसमित्या आणि लेखी संमती हे सारे अर्ध्या शतकानंतरचे. लसीचे श्रेय हाफकिनला मिळाले आणि ते योग्यच आहे. पण त्या निष्कर्षाची किंमत उंढेऱ्याने चुकविली. २०२० मध्ये हे गाव बडोदे महानगरपालिकेच्या हद्दीत आले. त्यामुळे आता उंढेरेकर आपलेच नगरबंधू आहेत.

आकडे काय सांगतात

१८९१ च्या खानेसुमारीत बडोदे राज्याची लोकसंख्या २४,१५,३९६ होती. १९०१ मध्ये ती १९,५२,६९२ झाली. दहा वर्षांत ४,६२,७०४ माणसे, म्हणजे सुमारे १९ टक्के लोक कमी झाले. छप्पनियाचा दुष्काळ, पटकी आणि प्लेग ही त्याची कारणे. महाराज दुष्काळात स्वतः गावोगाव फिरले, कामे काढली, तगाई दिली. तरी हा संहार थांबला नाही.

पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. १९११ मध्ये लोकसंख्या २०,३२,७९८ आणि १९२१ मध्ये २१,२६,५२२. इन्फ्लुएन्झाच्या त्या दशकात वाढ जेमतेम साडेचार टक्क्यांची. १९३१ मध्ये आकडा २४,४३,००७ झाला. म्हणजे १८९१ मध्ये जितकी माणसे होती तितकी पुन्हा होण्यास या राज्याला चाळीस वर्षे लागली. ज्या राज्यात दवाखाने होते, नळ होते, सक्तीचे शिक्षण होते, त्या भारतातील अग्रेसर राज्याची ही अवस्था. मग इतरत्र काय असेल?

आमच्या घरी या आकड्यांतील एक माणूस होते. माझ्या वडिलांची थोरली बहीण १९३१ मध्ये घटसर्पाने गेली. वय वर्षे पाच. आजोबांनी तिच्या घशातील राखाडी पापुद्रा पाहताक्षणी रोग ओळखला. त्यावरील प्रतिविषाची लस तेव्हा उपलब्ध होती, परंतु ती शहरात, बर्फात ठेवलेली. तालुक्याच्या दवाखान्यात तिचा साठा कधीच नसे. माणूस रेल्वेने पाठविला, तो दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लस घेऊन परतला. मुलगी दुपारीच गेली होती. आणलेली लस आजोबांनी त्याच रात्री गावातील एका कुंभाराच्या मुलाला टोचली. तो मुलगा वाचला. आजोबा ही हकीकत स्वतः कधी सांगत नसत. ती आम्हाला आजीकडून कळली. त्यानंतर दर वर्षीच्या मागणीपटात ते घटसर्पाच्या लसीची मागणी पहिल्या ओळीत लिहीत.

शहरातील खासगी व्यवसाय

दोन महायुद्धांच्या दरम्यान बडोदे शहरात खासगी डॉक्टरांचा वर्ग उदयास आला. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवी, वाडी या भागांत त्यांचे दवाखाने होते. त्यांचा रिवाज आपल्यापैकी ज्येष्ठांनी पाहिला आहे. एका कुटुंबाच्या तीन पिढ्या एकाच डॉक्टरकडे. फी ऐपतीप्रमाणे. सरदार-दरकदारांच्या घरून वर्षासनासारखी रक्कम येई, कारकुनाचे खाते सणापर्यंत चाले, आणि मजुराच्या बाटलीचे पैसे बहुधा लिहिलेच जात नसत. श्रीमंताच्या फीतून गरिबाचे औषध निघे. हा विम्याचाच एक घरगुती प्रकार होता. फरक एवढाच, की त्याची नोंद डॉक्टरच्या मनात असे.

हाडवैद्यकाची परंपराही शहरात जिवंत होती. जुम्मादादा व्यायाम मंदिराचे राजरत्न प्रो. माणिकराव यांच्याकडे हात-पाय मोडलेले, सांधे निखळलेले रोगी दूरदुरून येत. क्ष-किरणांविना केवळ बोटांच्या स्पर्शाने ते हाड जाणत, अशी त्यांची ख्याती होती. त्यांच्याकडून सुधारलेले रोगी मी माझ्या व्यवसायाच्या आरंभी पाहिले आहेत.

औषधनिर्मितीतही बडोद्याने लवकर पाऊल टाकले. १८९० मध्ये सुरू झालेल्या कलाभवनाचे पहिले प्राचार्य प्रा. त्रिभुवनदास गज्जर, त्यांचे शिष्य कोटिभास्कर आणि भाईलाल अमीन यांच्या प्रयत्नांतून १९०७ मध्ये अलेम्बिकचा जन्म झाला. टिंक्चर आणि अर्क यांसाठी लागणारे मद्यार्क येथे तयार होऊ लागले. आजोबांच्या कंपाउंडरच्या कपाटातील काही बाटल्यांवर विलायतेऐवजी बडोद्याचे नाव आले, याचा त्यांना फार आनंद झाला होता.

नसलेली एक गोष्ट

एवढे सारे असूनही त्या व्यवस्थेत एक गोष्ट नव्हती. रोग्याचा हक्क.

दवाखाना होता, कारण महाराजांची इच्छा होती. फी माफ होती, कारण डॉक्टर दयाळू होता. लस नसेल तर कोणास जाब विचारावा, याची सोय नव्हती. सयाजीरावांसारखा राजा १८८१ ते १९३९ अशी सुमारे सत्तावन्न वर्षे लाभला, हे बडोद्याचे भाग्य. परंतु भाग्यावर आरोग्यसेवा चालत नाही. शेजारच्या कित्येक लहान संस्थानांत त्याच काळात एकही दवाखाना नसेल, तर तेथील प्रजेचा अपराध एवढाच, की तिचा राजा सयाजीराव नव्हता.

१९४६ च्या भोर अहवालाचे महत्त्व येथे आहे. ब्रिटिश हिंदुस्थानात ६,३०० लोकांमागे एक डॉक्टर आणि ४३,००० लोकांमागे एक परिचारिका, हे वास्तव त्याने मांडले. ४०,००० वस्तीमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र असावे अशी तातडीची योजना सुचविली. पैसे देण्याची ऐपत नाही म्हणून कोणीही उपचारावाचून राहू नये, हे तत्त्व सांगितले. तालुक्याचा दवाखाना, देवी काढणारा, विहिरीतील औषध हे सारे बडोद्याला नवीन नव्हते. नवीन होते ते हे, की यापुढे ते नागरिकाचे देणे मानले जाईल. विलीनीकरणापूर्वी बडोद्याचे दिवाणपद डॉ. जीवराज मेहता यांच्याकडे आले. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयाचे अधिष्ठाते राहिलेला एक डॉक्टर राज्याच्या शेवटच्या पर्वात त्याचा कारभार पाहत होता, हा एक सुंदर योगायोग.

त्यानंतरचा प्रवास आपण सर्वांनी अनुभवला आहे. १९५२ पासून प्राथमिक आरोग्य केंद्रे आली. देवी गेली, नारू गेला, पोलिओ गेला. २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान, २०१२ मध्ये गुजरातेत 'मा' योजना, २०१८ मध्ये आयुष्मान भारत. कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतच्या रुग्णालयीन उपचारांचे कार्ड मिळाले. आजोबांना हे स्वप्नवत वाटले असते.

तरी एक बाब मनाला टोचते. कार्ड चालते ते रुग्णालयात दाखल झाल्यावर. रोजचा ताप, खोकला, रक्तदाबाच्या गोळ्या, मधुमेहाची तपासणी यांसाठी रोग्याला सरकारी केंद्रात जागा आणि औषध मिळाले तर ठीक, नाहीतर खिशाला हात. म्हणजे हृदयाची शस्त्रक्रिया फुकट आणि ती टाळणारी गोळी विकत. गायकवाडी दवाखान्याचा क्रम उलटा होता. मोठे उपचार त्याच्यापाशी नव्हते, पण बाटलीभर औषध गावातल्या गावात, रोज, ओळखीच्या माणसाच्या हातून मिळत होते. आजोबांच्या ओटीकडून घेण्यासारखे काही असेल तर ते हेच. हक्क आपण नव्या काळाकडून घ्यावा आणि जवळीक जुन्या काळाकडून.

आपल्या मंडळापुढे म्हणूनच एक विनंती ठेवतो. सभासदांपैकी दहा जणांनी आठवड्यातून दोन तास दिले, तर महानगरपालिकेच्या एखाद्या आरोग्य केंद्रात रक्तदाब व मधुमेहाच्या रोग्यांची नियमित देखभाल करता येईल. औषधांचा मासिक खर्च मंडळाच्या निधीतून आणि देणगीदारांकडून भागू शकेल. केंद्र निवडताना उंढेऱ्याचा विचार प्रथम व्हावा, असे मला वाटते. सव्वाशे वर्षांपूर्वी त्या गावाने वैद्यकाला जे दिले, त्याची परतफेड बडोद्याच्या डॉक्टरांकडून अद्याप व्हावयाची आहे.

ज्यांच्या घरी जुन्या दवाखान्यांची नोंदपुस्तके, पदविका, छायाचित्रे किंवा आठवणी असतील, त्यांनी त्या मंडळाच्या कार्यालयात अवश्य पोहोचवाव्यात. पुढील वर्षाच्या स्मरणिकेत त्यांना स्थान देता येईल.